पूर्वेकडे डोके असलेला नकाशा

मित्रांनो, मी जुना आहे, पत्र्याचा आहे आणि नकाशा आहे. यातले काहीच मला लपवता येत नाही. माझे कोपरे गंजले आहेत, वारा सुटला की मी खडखडतो, आणि माझ्या अंगावर आपले नागपूर शहर रंगवलेले आहे. माझ्या छातीवरून एक निळी रेघ जाते. ती नागनदी. चाळीस वर्षे मी ती बाळगली. पण खरी नदी कशी असते, ती रुंद असते की अरुंद, तिला आवाज असतो की नसतो, हे मला ठाऊक नव्हते. मी सीताबर्डीच्या भिंतीवर टांगलेला होतो, आणि भिंतीवर टांगलेल्याला कोणी फिरायला नेत नाही. स्वतःचा चेहरा कधीच न पाहिलेल्या माणसासारखी माझी अवस्था होती. लोक माझ्या रेघेवर बोट ठेवत आणि मी मनात विचारी, 'ही कोण?'

माझा जन्म एका दुकानामागच्या बोळात झाला. महादेवराव नावाच्या गृहस्थांनी तेव्हा नवी बस घेतली होती. बाहेरगावच्या पाहुण्यांना दिवसभरात शहर फिरवून आणायचे, असा त्यांचा बेत होता. बसवर 'नागपूर दर्शन' ही अक्षरे रंगवायला त्यांनी एका तरुण पेंटरला बोलावले. त्याचे नाव शालिकराम. पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा तो मुलगा. अक्षरे सुंदर आलेली पाहून महादेवरावांनी विचारले, "नकाशा काढता येते का गा तुले? तिकीटखिडकीच्या बाजूले लावाचा आहे."

शालिकरामने हातातला ब्रश पुसला. मग म्हणाला, "येते ना जी. पंधरा दिवस द्या."

त्यानंतर आठ दिवस तो दिसलाच नाही. मी तेव्हा कोरा पत्रा होतो, बोळातल्या भिंतीला टेकून त्याची वाट पाहत होतो. नवव्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे पाय धुळीने पांढरे झाले होते आणि टाचांना भेगा पडल्या होत्या. कुठे गेला होता, हे त्याने कोणालाही सांगितले नाही. त्याने मला पॉलिश पेपरने घासले, तांबड्या रंगाचा एक हात दिला, त्यावर पांढऱ्याचे दोन. रस्ते काढताना तो दोरीला खडूची पूड चोळी, दोरी ताणून धरी आणि टिचकी मारी. की माझ्या अंगावर सरळ रेघ उमटे. नदीची पाळी आली तेव्हा मात्र त्याने दोरी खिशात ठेवली. डोळे मिटून तो थोडा वेळ बसला. मग निळ्या रंगात ब्रश बुडवून त्याने खालून वर, एका दमात, वळणे घेत ती रेघ ओढली. मला गुदगुल्या झाल्या होत्या. तो स्पर्श मी विसरलेलो नाही.

नदीनंतर बाकीचे शहर आले. सगळ्यांत खाली अंबाझरी तलाव, जिथून नदी निघते. डाव्या हाताला फुटाळा, महाराजबाग, टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला आणि चार दगडी घोड्यांसह झिरो माइलचा खांब. उजव्या हाताला दीक्षाभूमी. वर वर जाऊ तशी जुनी वस्ती, डावीकडे शुक्रवारी तलाव आणि महाल, आणि माथ्याजवळ कळमन्याचा धान्याचा आणि फळांचा बाजार. त्याच्याही पलीकडे कन्हान नदी, जिला ही निळी रेघ जाऊन मिळते. डाव्या कडेला एक बाण होता, 'रामटेक, पारशिवनी'. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'शालिकराम पेंटर'.

महादेवराव मला पाहायला आले. कंबरेवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ निरखले. मान उजवीकडे कलती केली, मग डावीकडे.

"शालिकराम, उत्तर कुठं गेली गा?"

शालिकराम पत्र्याकडे पाहू लागला.

"अरे, नकाशात उत्तर वर राहते! तू तं पूर्व वर चढवली! नदी अंबाझरीतून निघते अन् वर चढून राहिली, घागरीतून पाणी आकाशात चालल्यासारखी!" महादेवराव हसता हसता डोळे पुसू लागले. बसचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी होते. नवा नकाशा करायला वेळ नव्हता. ते म्हणाले, "राहू दे. आपल्याकडे कोण नकाशा पाहून जाते? लोकं विचारूनच जातात."

असा मी, पूर्वेकडे डोके केलेला, भिंतीवर चढलो.

माझी कामाची वर्षे मजेची होती. सकाळी पाहुणे यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे. बारा वर्षांपर्यंतची मुले तर मला हात लावल्याशिवाय बसमध्ये चढत नसत. बसबरोबर जाणारे वाटाडे माझ्यावर काठी ठेवून सांगत, की फार पूर्वी इथे बारा खेडी होती आणि एका गोंड राजाने ती जोडून नगर वसवले. की पुढे भोसल्यांच्या काळात वेशी आणि तलाव झाले. की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच जुन्या गल्ल्यांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे भले मोठे पुतळे निघतात आणि सगळे शहर 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडते. आणि शेवटी सांगत, की शहराला नाव नदीने दिले. पाहुणे मग हमखास विचारत, "नदी दाखवणार का?" वाटाडे हसत. "नदी? तो नाला आहे हो. तिकडे काय पाहाल?" आणि बस किल्ल्याकडे निघून जाई. मी मागे राही, छातीवरच्या रेघेकडे पाहत. शहराला नाव देणारी ती, आणि तिच्याकडे कोणीच का जात नाही?

माझ्या उलटेपणाचे किस्सेही झाले. रामटेकची बस पकडायला निघालेले एक पाहुणे, रामटेक उत्तरेला आणि उत्तर वर असणारच या खात्रीने, डावीकडचा बाण न पाहताच माझ्यावरून वाट ठरवून सायकलरिक्षात बसले आणि थेट कळमन्याला पोचले. परत आले ते संत्र्यांची पिशवी आणि तक्रार घेऊन. "अहो, तुमचा नकाशा कुशीवर झोपलाय!"

त्या दिवसापासून शालिकरामला नवे नाव मिळाले. दर दोन-तीन वर्षांनी तो माझा रंग उजळायला येई, आणि बसचा ड्रायव्हर हमखास ओरडे, "काय गा उलटा पेंटर, आज सूर्य कोणीकडून निघाला?" सगळे हसत. शालिकरामही हसे. पण तो माझ्याकडे तोंड करून काम करत असल्यामुळे, हसणे संपल्यावरचा त्याचा चेहरा फक्त मला दिसे. त्याने असे का केले, याविषयी लोकांचे तर्क होते. कोणी म्हणे, नशेत होता. कोणी म्हणे, शुभकामाला पूर्वेकडे तोंड करून बसतात, त्यातून घोटाळा झाला. मीही पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडले नाही. बनवणाऱ्याच्या मनातले बनवलेल्याला नेहमी कळतेच असे नाही.

महादेवराव गेले. कारभार त्यांच्या मुलाकडे, धर्मेंद्रकडे आला. डोक्यावरून मेट्रो धावू लागली आणि वाटा फोनमध्ये दिसू लागल्या. माझ्यासमोर उभे राहण्याची गरज कोणाला उरली नाही. महालावर कोणीतरी शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवली. फुटाळ्यावर पानाची पिंक पडली. मुले माझ्यासमोरून मान खाली घालून, फोनकडे पाहत जात. मी अंगावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचा खडखडाट ऐकत राही, आणि एवढेच म्हणून घेई, की निदान कोणाला चुकीच्या वाटेला लावत नाही आता.

मग उत्तरा आली.

उत्तरा ही बसवरची नवी वाटाडी, महालातली, चोविसेक वर्षांची. तिला प्रश्न विचारण्याची खोड होती. पहिल्याच आठवड्यात तिने ओल्या फडक्याने माझ्यावरची जाहिरात सोलून काढली, आणि धर्मेंद्रला हाक मारली.

"धर्मेंद्रभाऊ, ही नदी खालून वर का काढली आहे?"

"उलटा पेंटर होता ना मॅडम. चुकला. नका लक्ष देऊ. सोमवारी नवीन फ्लेक्स येऊन राहिला. एकदम रंगीत."

"आणि ह्याचं काय?"

धर्मेंद्रने मान खाजवली. "बाबांची आठवण आहे म्हणून त्याच पेंटर काकाजीले बोलावलं शनिवारी. घासून सरळ करून दिला तं ऑफिसात लावतो. नाही तं भंगार."

मित्रांनो, पत्र्याला भीती वाटते की नाही ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी वारा नव्हता आणि तरी मी थरथरलो.

शनिवारी दुपारी शालिकराम आला. सत्तरी ओलांडलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात रंगांच्या डब्यांची जुनी पिशवी. मला खाली उतरवून बाकावर आडवे ठेवले गेले. त्याने पॉलिश पेपरची घडी केली आणि सगळ्यांत आधी नदीवर ठेवली. 

"काका, थांबा," उत्तरा म्हणाली. "आधी एक सांगा. तुम्ही हिला वर का चढवलंत?"

"चुकलो बेटा. चाळीस वर्षं लोकं तेच तं सांगून राहिले. मरायच्या आधी एक काम सरळ करून जातो. मागं नाव राहते ना कोपऱ्यात. पोरं वाचतीन, म्हणतीन, हा तो उलटा."

"पण चूक कशी झाली? अशी कोणी उगीच चूक करत नाही."

शालिकरामने पॉलिश पेपर बाजूला ठेवला. मग खाली मान घालून, एखादी चोरी कबूल करावी तसे तो बोलला.

"मी नकाशा कधी पाहिलाच नोहता."

धर्मेंद्र दारातच थांबला. "कधीच नाही? शाळेत?"

"शाळेत होता एक. मास्तर गुंडाळून कपाटावर ठेवत. गुंडाळलेला पाहिला हाय." तो कसनुसा हसला. "तुमच्या बाबांनी विचारलं, येते का. मी म्हटलं, येते. काम पाहिजे होतं. मग विचार केला, शहर काढायचं म्हणजे आधी शहर चालून पाहा लागन. आमच्या गावी वावर मोजाचं असलं की माणूस पावलं मोजत चालते. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला तुरीचा एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. गिनती चुकत नाही. मी खिसाभर तूर घेतली अन् अंबाझरीच्या पाळीपासून नदीसंगं निघालो. आठ दिवस चाललो. दहा दाणे म्हणजे पत्र्यावर एक बोट. जे डाव्या हाताले दिसलं ते डाव्या हाताले काढलं, उजव्या हाताचं उजव्या हाताले. जिथून निघालो ते खाली, जिथं पोचलो ते वर. चालणाराले पुढचं वरच वाटते ना बेटा? उत्तर वर राहते, हे मले कोणं सांगतलं होतं!"

मी ऐकत होतो. चाळीस वर्षे मला छळणारा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत सुटला. माझ्या अंगावरचा प्रत्येक बोटभर भाग म्हणजे या माणसाची हजार पावले होती. त्याने नदीकाठ चालून मला काढले होते, आणि न शिकल्याची लाज वाटून ते कोणाला सांगितले नव्हते.

"मग हा नकाशा चुकलेलाच नाही," उत्तरा म्हणाली. "नदीबरोबर चालणाऱ्यासाठी तो बरोबर आहे."

"मॅडम, नाल्याच्या काठानं कोण चालते?" धर्मेंद्र म्हणाला. "अन् चाळीस वर्षांआधी पावलं मोजून काढलेला. खिशात तुरीचे दाणे! असा नकाशा असते का कुठं?"

"उद्या रविवार आहे. चालून पाहू. तुम्हीही चला."

"अन् एक जरी ठिकाण चुकलं तं?"

उत्तरा काही बोलण्याआधी शालिकरामनेच उत्तर दिले. "तं मी स्वतः घासून देईन. पांढरा पत्रा करून."

रविवारी सकाळी एका नारळवाल्याचा रिकामा ठेला आणि मी, असे दोघे छोट्या टेम्पोतून अंबाझरीला पोचलो. मला ठेल्यावर उताणे ठेवले, डोके पूर्वेकडे. धर्मेंद्र ठेला ढकलू लागला. दोन्ही बाजूंनी उत्तरा आणि शालिकराम.

तलाव मी प्रथमच पाहिला. सकाळच्या उन्हात तो शांत पसरला होता; पाळीवर माणसे फिरत होती. माझ्या अंगावरच्या निळ्याशी तो जुळत होता, म्हणून मला अभिमान वाटला. मग आम्ही पाळीखाली उतरलो, आणि उत्तरा म्हणाली, "ही बघा. निघाली."

मित्रांनो, मी तिला पाहिले. जिचे नाव मी इतकी वर्षे अंगावर बाळगले, ती सिमेंटच्या दोन भिंतींमधून, अंग चोरून, जात होती. सुरुवातीला तिच्यात थोडे आकाश दिसले. एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला. पण पुलामागून पूल मागे पडत गेले, तसे तिच्यात पाइपांतून पाणी येऊन मिळू लागले, फेस आला, पिशव्या आल्या. शंकरनगरच्या पुढे तिचा रंग राखेसारखा झाला, आणि नंतर नंतर तर तिच्यात आकाश दिसेनासेच झाले. लोक तिच्यावरच्या पुलांवरून नाकाला रुमाल लावून जात होते. एकानेही वाकून पाहिले नाही. तिला आवाज मात्र होता. हळू, सतत, गळ्यात काही अडकलेल्या माणसासारखा. मला वाटले, चाळीस वर्षे मी तिच्या नावाचा निळा रंग मिरवला, आणि ती इथे अशी.

इकडे धर्मेंद्र ठेला ढकलता ढकलता माझ्यावर बोट ठेवून तपासत होता.

"डाव्या हाताले महाराजबाग... आहे. उजव्या हाताले दीक्षाभूमी... आहे, तो घुमट तिकडे. डाव्या हाताले किल्ला..." तो थांबून टेकडीकडे पाहत राहिला. "काकाजी, मी याच शहरात जन्मलो. पण नदी कुठून कुठं जाते हे मले आज समजून राहिलं. बाबा हसले तुमच्यावर. मीही हसलो."

"हसाचंच होतं ते," शालिकराम म्हणाला. पण तो आता ताठ चालत होता.

ऊन चढले. जुन्या वस्तीच्या बाजूला, नदीला टेकून असलेल्या एका गल्लीत आम्ही शिरलो, आणि तिथे घोटाळा झाला. माझ्या अंगावर नदी सरळ जात होती. समोरची नदी मात्र एकदम उजवीकडे वळून घरांमागे दिसेनाशी झाली.

"चुकलं," धर्मेंद्र हळूच म्हणाला. त्याला ते आवडलेले दिसले नाही. उत्तराने शालिकरामकडे पाहिले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याच्या चेहऱ्यावर तेच जुने काहीतरी परत आले, जे ड्रायव्हरच्या हसण्यानंतर फक्त मला दिसत असे.

तेवढ्यात एका घरातून साठीच्या बाई कंबरेला पदर खोचून बाहेर आल्या. शेजारणीने आतून हाक मारली, "सिंधूताई, कोण आलं वं?" "मोजणीवाले दिसते!" असे ओरडून त्या थेट ठेल्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय मोजून राहिले? आमची घरं पाडायची हायेत का? कागद दाखवा आधी!"

"नाही मावशी, आम्ही नदी पाहायला आलो," उत्तरा म्हणाली.

"नाला पाहाले? सुटीच्या दिवशी? येड लागलं का?" त्यांनी माझ्याकडे वाकून पाहिले. "अन् हा पत्रा कायचा?"

शालिकराम पुढे झाला. "बाई, हे मी काढलं होतं. चाळीस वर्षांआधी. पावलं मोजत आलो होतो इथवर, तूर घेऊन. इथं काही लोकांनी अडवलं. म्हणे, सरकारी मोजणीवाला हाय, घरं पाडाले आला. मारलं नाही, पण खिसा उलटा केला. सारी तूर सांडली. गिनतीच गेली. मग मी भेऊन रस्त्यानं गेलो, अन् पुढच्या पुलावर परत नदीवर आलो. मधलं पाहिलंच नाही. सरळ रेघ ओढून देली." तो धर्मेंद्रकडे वळला. "हे खरं चुकलेलं हाय, मालक. पूर्व वर होती ते नाही. हे."

सिंधूताई हातवारे थांबवून त्याच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"माह्या सासऱ्यानंच हाकललं असन तुमाले! ते सांगत, एक येडा तुरीवाला आला होता म्हणून. म्हणत, तूर चांगली होती, दोन दिवस वरण झालं!"

धर्मेंद्र फसकन हसला. मग उत्तरा हसली, आणि शेवटी शालिकरामही. या वेळी खरेच. सिंधूताईंनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिले. मला ओट्याला टेकवून उभे केले.

"बसा, सांगते मी कशी जाते ते. माह्या घरामागून घोड्याच्या नालेसारखी वळते, मंदिराच्या पायऱ्या धरते, मंग पुलाखाली. लग्न होऊन आली तवा त्याच पायऱ्यांवर आम्ही बाया धुणं धुवत होतो. पोरं पोहत. आता पायऱ्या हायेत, पाय ठेववत नाही."

शालिकराम परसात जाऊन ते वळण पाहून आला. पिशवीतून डबे काढले, ब्रश काढला. निळ्याचे झाकण उघडले, आणि तो तसाच थांबला. मग ते झाकण त्याने पुन्हा लावले. काळा घेतला, त्यात थोडा हिरवा, थोडा मातकट कालवला.

"काकाजी, निळा आहे ना डब्यात," धर्मेंद्र म्हणाला.

"हाय. पण पाणी निळं नाही. जे पाहिलं तेच काढतो मी. तेवढंच येते मले."

सिंधूताई एकदम उसळल्या. "म्हणजे माह्याच घरामागं काळं? आमचीच बदनामी काहून? ही घाण आमची हाय का? वरतून येते, तिकडच्या बंगल्यायतून, हाटेलातून, सगळ्या शहरातून! आम्ही तं फक्त वास घेतो!"

 शालिकराम ब्रश हातात धरून सिंधूताईंकडे पाहत होता. मग त्याने हळूच मान हलवली.

"खरं हाय बाई. मग वरपासूनच काढावं लागन."

आणि त्याने माझ्या पायापासून सुरुवात केली. अंबाझरीपाशी त्याने हातभरही नाही, चार बोटे निळे राहू दिले. कारण तिथे सकाळी आकाश दिसले होते. मग त्यात राखी मिसळत गेला. एकेक पूल आठवत, प्रत्येक पाइपापाशी रंग थोडा गडद करत, तो वर चढला. सिंधूताईंच्या घरामागचे वळण त्याने सावकाश, त्यांना विचारत विचारत काढले. त्या पाठीशी उभ्या राहून सांगत होत्या, "आता इकडं... थोडं अजून... हां, इथं पायऱ्या." ब्रश माझ्यावरून फिरत होता आणि माझा निळा रंग जात होता. मला दुःख झाले, ते नाकारत नाही. चाळीस वर्षे माझ्याजवळ सुंदर असे तेवढेच होते. पण म्हाताऱ्या त्या हाताचा स्पर्श तोच होता, आणि प्रथमच माझ्या अंगावर असे काही येत होते, जे मी स्वतःही पाहिले होते.

वळणाच्या पुढे, कन्हानपर्यंतची रेघ जुनीच, निळी होती. तिथे येऊन शालिकरामने ब्रश खाली ठेवला.

"तिकडं आज गेलो नाही. न पाहिलेलं कसं काढू?"

"पाहुणे विचारतील, नदी अशी का म्हणून," धर्मेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, पण फारशी नव्हती.

"विचारू द्या ना, भाऊ," उत्तरा म्हणाली. "चाळीस वर्षांत 'नदी दाखवणार का' याच्यापुढे कोणी तिच्याबद्दल काही विचारलंच नाही."

सोमवारी फ्लेक्स आला. धर्मेंद्रने तो फरशीवर उलगडला. त्यावर मॉल होते, मेट्रोची स्थानके होती, उड्डाणपूल होते, उत्तर अगदी वर होती. धर्मेंद्र गुडघ्यांवर बसून बराच वेळ काहीतरी शोधत होता. मग त्याने उत्तराला हाक मारली. "मॅडम, याच्यावर नदीच नाही!" फ्लेक्स गुंडाळून ऑफिसात कपाटावर गेला. मी भिंतीवर चढलो. त्याच वेळी ड्रायव्हरने सवयीने आवाज दिला, "काय, उलटा पेंटर आला होता म्हणे?" धर्मेंद्र खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "शालिकराम काकाजी म्हण. अन् उलटे आपण होतो बे."

आता रविवारी सकाळी काही माणसे उत्तराबरोबर नदीकाठाने चालतात. फार नसतात, कधी पाच, कधी नऊ. शालिकराम पहिल्या पुलापर्यंत सोबत जातो आणि तिथल्या कठड्यावर बसून त्यांना जाताना पाहतो. परवा एक लहान मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. तिने पायापासून माथ्यापर्यंत रेघेवर बोट फिरवले, काळ्यापाशी थांबवले, आणि विचारले, "इथे काय झालं हिला?" मग बोट वर नेले. "आणि इथे परत निळी कशी?"

मित्रांनो, मला बोलता येत नाही. येत असते तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. तिकडे अजून कोणी चालून गेलेले नाही. पहिल्याचे माहीत आहे, पण ते माझ्यापेक्षा तुमच्या घरातल्या मोरीचा पाइप नीट सांगेल. तो कुठे जातो ते एकदा मोठ्यांना विचारा. तुमच्या गावातही अशी एखादी असेल, जिला सगळे नाला म्हणतात. तिच्या काठाने चालून पाहा, जमेल तेवढे. नाकाला रुमाल लावायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवा. आणि ती थोडी जरी उजळली, तिच्यात टीचभर आकाश दिसू लागले, तर सीताबर्डीला येऊन सांगा. रंग तेलाचा आहे, त्यावर दुसरा हात बसतो. शालिकराम म्हातारा झाला आहे, त्याने फार दिवस थांबावे असे म्हणणे मला बरे वाटत नाही. पण निळ्याचा डबा त्याने परत नेलेला नाही. तो माझ्याखालच्या फळीवर आहे, आणि उत्तरा दर आठवड्याला झाकण उघडून पाहते, रंग वाळला तर नाही ना.